सासूबाईंना नातवाशी बोलायचंय. घरच्या घरी हिब्रू कशी शिकावी?

टेंभीनाका:

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक झालाय, पण घरातलं सगळं सांगितल्याशिवाय नीट सल्ला मिळणार नाही, म्हणून लिहिते.

आम्ही ठाण्याचे, बेने इस्राएली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. घरात पाच माणसं. मी ४३ वर्षांची, पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला. नवरा रेल्वेत, पाळीची ड्यूटी. मुलगी १४ वर्षांची, मुलगा ९. आणि सासूबाई, वय ७२, माहेर रेवदंड्याचं, मराठी सातवी शिकलेल्या. नणंद २००९ साली इस्राएलला गेली, अश्दोदला असते. तिची दोन्ही मुलं तिकडचीच, मुलगा ८ वर्षांचा, मुलगी ५ वर्षांची. त्यांना मराठी येतं ते 'ये', 'बस', 'पाणी' एवढंच. नणंदेला मी दोष देत नाही. दोघं नवराबायको कामावर, मुलं दिवसभर पाळणाघरात नि शाळेत, तिथे मराठी कुठून येणार?

दर शनिवारी तिकडचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, संपला की व्हिडिओ कॉल असतो. हिवाळ्यात साडेतीन तासांचा फरक, म्हणजे आमच्याकडे रात्रीचे नऊ वाजत आलेले असतात. सासूबाई आठपासून पदर सारखा करून बसतात.

गेल्या महिन्यात भाच्याने एक चित्र दाखवलं. होडी होती, तिच्यात तीन माणसं. तो बराच वेळ त्याबद्दल सांगत होता. सासूबाई म्हणाल्या, "हो रे राजा, छान काढलंस." त्याने काहीतरी विचारलं. सासूबाई पुन्हा म्हणाल्या, "हो रे राजा." त्याने परत विचारलं. मग तो मान वळवून स्वयंपाकघराच्या दिशेने ओरडला, "इमा, सावता लो मेविना," नि टॅब टेबलावर उताणा ठेवून निघून गेला. आमच्या स्क्रीनवर नुसतं छत. सासूबाईंनी मला विचारलं, "काय म्हणाला गं?" मी म्हटलं, त्याला झोप आलीय. खरं तर मला कळलं होतं. माझ्या मुलीने अ‍ॅपवर तेच वाक्य शिकून घरभर म्हटलं होतं. आई, आजीला कळत नाही.

त्या रात्री मी ठरवलं की घरात हिब्रू शिकायची, पाचही जणांनी.

आधी एक ऑनलाइन वर्ग लावला. दहा आठवड्यांची फी भरली. सासूबाई नवी वही नि पेन घेऊन बसल्या. शिकवणाऱ्या बाई चांगल्या होत्या, पण सगळं समजावणं इंग्रजीतून. तिसऱ्या तासाला सासूबाई उठल्या, "तुम्ही शिका, मी भाजी बघते" म्हणाल्या. मुलगी अ‍ॅपवर बरीच पुढे गेली, पण 'मुलगा सफरचंद खातो' याच्या पलीकडे तिला स्वतःचं वाक्य जुळवता येत नाही, आणि अक्षराखालचे स्वर दाखवणारे ठिपके नसले की वाचताही येत नाही.

दुसरीकडे, सासूबाईंना प्रार्थना तोंडपाठ आहेत. देवनागरीत छापलेलं जुनं पुस्तक आहे, त्याची पानं सुटी झालीत, तरी त्यांना पुस्तक लागतच नाही. शुक्रवारी मनुकांच्या सरबतावर किद्दुश, म्हणजे शब्बाथच्या सुरुवातीची प्रार्थना असते, तीही अख्खी पाठ. पण कुठल्या शब्दाचा काय अर्थ, ते विचारलं तर सांगता येत नाही. नवरा म्हणतो, ती देवाची हिब्रू वेगळी नि रस्त्यावरची वेगळी, दोन्हींची गल्लत करू नका. हे बरोबर आहे का?

म्हणजे सुरुवात कुठून करू? आधी अक्षरं की आधी बोलणं? ठिपक्यांसकट की त्यांच्याशिवाय? वयाच्या ७२व्या वर्षी नवी लिपी येते का? आमच्याकडे रोज अर्धा तास आहे, त्याहून जास्त नाही.

अजून एक छोटी गोष्ट. कॉल लागला की भाचा आधी 'शोमात, शोमात' असं काहीतरी म्हणतो. सासूबाईंना वाटतं तो शेमा, आपली मुख्य प्रार्थना, म्हणतोय. म्हणून त्या डोळ्यांवर हात ठेवून अख्खा शेमा म्हणतात, आणि हात काढेपर्यंत पोरगा गेलेला असतो.

मोडीवाचक_पुणे:

ताई, मी ज्यू नाही. हिब्रूकडे आलो तो मोडीच्या वाटेने. १८७४ साली पुण्यात छापलेली एक हगादा, म्हणजे पेसाख सणाच्या रात्री वाचायची पोथी, आहे, एका बाजूला हिब्रू नि दुसऱ्या बाजूला मराठी. तिच्यातल्या चित्रात साड्या नेसलेल्या बायका जमिनीवर बसून बिनखमिराच्या भाकरी करताहेत. तिची मराठी बाजू वाचून झाली नि दुसरी बाजू वाचता येईना, ते मला सहन झालं नाही. तेव्हा माझी पन्नाशी उलटली होती. दीड वर्ष लागलं, पण वाचता आलं. लिपीला वय आडवं येत नाही, हे अनुभवाने सांगतो.

तुमचा वर्ग चुकला तो भाषेमुळे नाही, मधल्या इंग्रजीमुळे. इंग्रजीतून आलेलं हिब्रूचं पुस्तक जिथे सगळ्यात जास्त घाम गाळतं, ते मराठी माणसाला जन्मतः येतं. 'मी जातो, मी जाते' हे आपण दोन वर्षांचे असताना शिकतो. हिब्रूत 'अनी होलेख' म्हणजे मी जातो, 'अनी होलेखेत' म्हणजे मी जाते. इंग्रजी बोलणाऱ्याला यासाठी वेगळा धडा लागतो, तुमच्या सासूबाईंना एक वाक्य पुरे. उलट भूतकाळात हिब्रू आपल्याहून सोपी आहे. आपण 'गेलो' आणि 'गेले' म्हणतो, ते बाई असो की पुरुष, 'हालाख्ती' म्हणतात.

उच्चारांचंही तसंच. त्सादी नावाचं अक्षर आहे. त्याच्या उच्चारासाठी परदेशी लोक जिभेची कसरत करतात. तो आपला 'चांगला'मधला च आहे, 'चहा'मधला नव्हे. बस. स्वरचिन्हं दिसायला बरीच आहेत, पण आजच्या बोलीत त्यांचे आवाज पाचच, आ, ए, इ, ओ, उ. ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही. बहुतेक चिन्हं अक्षराच्या खाली येतात, आपल्या उकारासारखी. एक ठिपका इ, दोन आडवे ठिपके ए, तीन ठिपक्यांचा त्रिकोण तोही ए.

अक्षरं २२. उजवीकडून डावीकडे. सासूबाईंना हे सांगा की पोथीची गुंडाळी लिहिणारे लेखक आधी शाई न लावता नुसती रेघ कोरून घेतात नि अक्षरं त्या रेघेला लटकवतात, रेघेवर बसवत नाहीत. म्हणजे आपल्या शिरोरेघेसारखंच. एकटं लामेद रेघेच्या वर डोकं काढतं, आपल्या वेलांटीसारखं. दालेत नि रेश सारखे वाटतात, पण दालेतचा कोपरा मागे टोकदार निघतो आणि रेशचा गोल वळतो. हे कागदावर दहादा गिरवलं की डोळा बसतो.

ठिपक्यांबद्दल. वर्तमानपत्र, पाट्या, औषधाची बाटली, कशावरच ठिपके नसतात. घाबरू नका. मोडीत इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ कोण दाखवतं? शब्द तर सलग लिहिलेले, मध्ये जागासुद्धा नाही. तरी आपल्या पणज्यांनी दफ्तरं वाचलीच. शब्द ओळखीचा झाला की स्वर आपोआप भरला जातो. म्हणून ठिपक्यांसकट सुरू करा, पण त्यांच्यावर रेलू नका.

आणि शब्द ओळखीचे करायला मराठीत एक खजिना आहे. फारसीच्या मार्गाने आपल्याकडे जे अरबी शब्द आले, त्यांची मुळं हिब्रूत भेटतात, कारण अरबी नि हिब्रू बहिणी. आपला हिशेब, त्यांचा 'खेश्बोन'. हॉटेलात बिल मागायचं तरी खेश्बोनच मागतात. आपला मालक, त्यांचा 'मेलेख', म्हणजे राजा. आपण 'कबूल' म्हणतो, तिथे पावतीला 'काबाला' म्हणतात. तारीख तर जवळजवळ तीच, 'ताआरीख'. आपली किताब, त्यांचं 'कातव' म्हणजे लिहिलं, 'मिख्ताव' म्हणजे पत्र, 'कतोवेत' म्हणजे पत्ता. क-त-ब ही तीन व्यंजनं धरून ठेवा, बाकीचं त्यांच्याभोवती फिरतं. संस्कृतातला धातू आठवा.

जॉन विल्सन या मिशनरीने १८३२ साली मुंबईत हिब्रूचं व्याकरण मराठीतून छापलं होतं. त्याचा हेतू धर्मप्रसाराचा होता, तो बाजूला ठेवू. पण मराठीतून हिब्रूकडे जायचा रस्ता तेव्हापासून आहे. इंग्रजीचा वळसा घालू नका.

माझं मत, आधी वाचन. वाचता आलं की बोलणं मागून येतं.

अश्दोदचा_अलिबागकर:

पुण्याच्या भाऊंनी फार चांगलं लिहिलंय, पण शेवटच्या ओळीशी मी सहमत नाही. तुमच्या घरात वेळ नातवाच्या वयाचा चाललाय. तो आठ वर्षांचा आहे, बारा वर्षांचा झाल्यावर आजीसमोर बसणार नाही. म्हणून आधी तोंड, मग डोळा. अक्षरं रोज पाच मिनिटं चालू द्या.

मी अलिबागजवळचा. १९८६ साली इथे आलो तेव्हा २९ वर्षांचा होतो, कामाने फिटर. उल्पानमध्ये, म्हणजे नव्याने आलेल्यांच्या हिब्रू वर्गात, पाच महिने काढले. पहिल्या दिवसापासून शिक्षिका हिब्रूशिवाय एक अक्षर बोलली नाही. पहिला उल्पान १९४९ साली यरुशलेमला सुरू झाला, तेव्हापासून हीच रीत. ती चालते, कारण वर्गात प्रत्येकाची भाषा वेगळी नि बाहेर पडलं की बस, दुकान, शेजार सगळं हिब्रूत. ठाण्यात बाहेर हिब्रू नाही. म्हणून उल्पानची नक्कल घरात करू नका. तुमच्याकडे उल्पानमध्ये नव्हतं ते आहे, सासूबाईंची पाठ असलेली प्रार्थना.

आता नीट वाचा. तुमचा भाचा 'शोमात' नाही म्हणत. तो म्हणतो, "सावता, आत शोमाअत ओती?" म्हणजे आजी, माझा आवाज येतोय का? कॉल लागल्यावर सगळेच आधी हे विचारतात. आणि 'शोमाअत' हा शब्द शेमाचाच. 'शेमा यिस्राएल' म्हणजे ऐक, हे इस्राएल. शेमा म्हणजे ऐक, शोमेआ म्हणजे ऐकतो, शोमाअत म्हणजे ऐकते. तुमच्या सासूबाईंनी चुकीचं काही ऐकलं नाही. त्यांना तो शब्द ओळखू आला. फक्त उत्तर द्यायचं कसं, ते माहीत नव्हतं. त्यांना सांगा, पुढच्या वेळी म्हणा, "शोमाअत, शोमाअत."

हे वाचून मला माझी आजी आठवली. आम्ही कोकणात कित्येक पिढ्या शनिवार तेली, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली, म्हणून राहिलो, हिब्रू विसरलो, ग्रंथ नव्हते. पण शेमा तोंडात राहिला. सगळं गेलं नि एवढं राहिलं. तर तोच धागा धरून चाला.

शुक्रवारी भाकरीवर जे म्हणतात त्यात 'लेखेम' आहे, म्हणजे पाव-भाकरी. दुकानात हाच शब्द चालतो. 'आरेत्स' आहे, म्हणजे जमीन, देश. इथले लोक इस्राएलला नुसतं 'हाआरेत्स' म्हणतात. सरबतावरच्या प्रार्थनेत 'प्री' म्हणजे फळ, 'गेफेन' म्हणजे द्राक्षवेल. पेसाखच्या रात्री धाकटा मुलगा जे विचारतो त्यात 'मा' म्हणजे काय, 'लायला' म्हणजे रात्र, 'झे' म्हणजे हे. 'लायला तोव' म्हटलं की शुभरात्री झाली. 'मा झे?' म्हटलं की 'हे काय?' झालं. प्रत्येक शुक्रवारी पाठ असलेल्या प्रार्थनेतून एक शब्द बाहेर काढा नि आठवडाभर घरात वापरा. तुमच्या यजमानांचं अर्धं बरोबर आहे. प्रार्थनेतली वाक्यं रस्त्यावर बोलली जात नाहीत, क्रियापदांची घडण जुनी आहे. पण शब्द तेच आहेत. वाक्य उचलू नका, शब्द उचला.

उच्चारात एक फरक पडेल. आपली जुनी माणसं 'शब्बाथ' म्हणतात, अलिबागच्या मशिदीचं, म्हणजे आपल्या सिनेगॉगचं, नाव 'मागेन आबोथ', पुण्याची 'सुक्काथ शेलोमो'. इथे थ नाही, 'शबात', 'आवोत', 'सुकात'. सासूबाईंना प्रार्थनेत बदलायला लावू नका, तो त्यांच्या आईचा उच्चार आहे. नातवाशी बोलताना तेवढा त.

दुसरी अडचण 'तू'ची. हिब्रूत 'तुम्ही', 'आपण' असा मान देणारा प्रकार नाही. पुरुष 'अता', बाई 'आत', मग ती राष्ट्रपती असो. नातू आजीला 'आत' म्हणतो तेव्हा तो उद्धट नसतो. तुम्हाला शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला 'अता' म्हणायला जीभ अडेल. अडू द्या, सवय होते. समोरच्याचं लिंग मात्र सांभाळायचं. भाच्याला विचारताना 'मा अखालता?', काय खाल्लंस. भाचीला 'मा अखाल्त?'. मराठीत 'जेवलास' नि 'जेवलीस', तेच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. 'हो रे राजा' बंद. मुलांना ते लगेच कळतं, मोठ्यांपेक्षा लवकर. त्याऐवजी सासूबाईंना दोन गोष्टी पाठ करायला लावा. 'ओद पाआम', पुन्हा एकदा. 'लेआत, लेआत', हळूहळू. आणि मग त्याला शिक्षक करा. कॉलच्या आधी पाच वस्तू जवळ घेऊन बसायचं, पळी, नारळ, कांदा, चष्मा, उशी. एकेक वर धरून विचारायचं, "मा झे?" तो सांगेल. चुकीचं म्हटलं तर तो दुरुस्त करेल. आठ वर्षांच्या मुलाला मोठ्या माणसाची चूक सुधारण्याहून मोठा आनंद नाही. त्याने काढलेलं चित्र बघायचं असेल तर 'तारे ली', मला दाखव. आणि शेवटी, "अनी मितगाअगाअत एलेखा." तुझी आठवण येते. लांब शब्द आहे, पण आठवड्यात येईल.

एलिएझर बेन येहुदा १८८१ साली यरुशलेमला आला नि घरात फक्त हिब्रू बोलायची असं ठरवलं. १८८२ साली मुलगा झाला. घरातल्या साध्या वस्तूंनाही शब्द नव्हते. टॉवेल, बाहुली, आईस्क्रीम, हे शब्द त्याने स्वतः घडवले. तुम्हाला ते आयते मिळताहेत. पण त्याने मुलाला दुसऱ्या भाषेच्या मुलांत मिसळू दिलं नाही आणि ते पोर बोलायला लागलं उशिरा. ती कडक शिस्त घरात आणू नका. मराठीला घराबाहेर काढू नका. नातवालाही मराठीचा एक शब्द दर आठवड्याला परत द्या.

लिहायला शिकाल तेव्हा एक ध्यानात ठेवा. छापील अक्षराला 'दफूस' म्हणतात नि हाताच्या अक्षराला 'कताव'. माणसं हाताने लिहितात ते कताव. वाचायला दफूस, लिहायला पहिल्यापासून कताव.

संगमेश्वरी:

मी हैफाला आहे, एका ८४ वर्षांच्या आजींची काळजी घेते. इथे या कामाला 'मेतापेलेत' म्हणतात. चार वर्षं झाली. गाव संगमेश्वर तालुक्यात.

मी वर्गात कधी शिकले नाही. आल्यावर स्वयंपाकघरात चिठ्ठ्या लावल्या. मेलाख मीठ, सुकार साखर, शेमेन तेल, माईम पाणी, सीर पातेलं, काफ चमचा, मेकारेर फ्रिज. मेलाख नि मेलेख नीट ऐका, एक मीठ, एक राजा. तीन महिन्यांत घरातलं सगळं बोलायला लागले. काकांचं 'तू'चं म्हणणं अगदी खरं. पहिला महिना माझ्या तोंडून आजींना 'आत' निघेना, मी नुसते हातवारे करायची. मग आजीच म्हणाल्या, मला नावाने हाक मार.

पण माझी एक चूक सांगते, ती तुम्ही करू नका. मी सगळ्या चिठ्ठ्या देवनागरीत लिहिल्या. दोन वर्षं तशाच. बोलणं आलं, वाचणं शून्य. एकदा आजींची लेक औषधांबद्दल फ्रिजवर हाताने लिहून गेली, संध्याकाळची एक गोळी बंद करायची होती. मला कागद दिसत होता नि कळत नव्हतं. फोटो काढून मैत्रिणीला पाठवला, तिचं उत्तर येईपर्यंत गोळी हातात धरून उभी होते. आजी विचारत होत्या, "नू, हाकादूर?" म्हणजे गोळी दे ना. त्या दिवसापासून दुधाच्या पिशवीवरून वाचायला शिकले. 'खालाव'. रोज दोन शब्द, तीन आठवड्यांत अक्षरं आली.

म्हणून चिठ्ठी लावाल तर वर हिब्रू नि खाली देवनागरी लिहा. पंधरा दिवसांनी खालचा भाग कात्रीने कापून टाका. सासूबाईंच्या चिठ्ठ्या त्यांच्या हाताने लिहून घ्या, मुलीकडून नको.

टेंभीनाका (अकरा आठवड्यांनंतर):

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, पण काहीतरी हातात असल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

त्या दिवशी काकांचं उत्तर मी सासूबाईंना वाचून दाखवलं. शोमाअतचा भाग ऐकल्यावर त्या काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने कपाटातून प्रार्थनेचं पुस्तक काढलं, पहिल्यांदाच, पाठ असूनही, आणि चष्मा लावून शेमाच्या पानावर बोट ठेवून बसल्या. "म्हणजे हे 'ऐक' आहे," म्हणाल्या. "मी इतकी वर्षं देवाला सांगत होते असं वाटायचं. हे तर आपल्याला सांगितलंय."

मग सुरू झालं. मुलीच्या जुन्या पाटीवर त्या अक्षरं गिरवतात. आधी वर आडवी रेघ मारतात नि तिला अक्षर लटकवतात. भाऊ, तुमची ही गोष्ट त्यांना फार पटली. आत्तापर्यंत चौदा अक्षरं पक्की झालीत. दालेत-रेशचा घोळ संपला, 'हे' नि 'खेत' या अक्षरांचा अजून आहे. उजवीकडून लिहिताना मनगटाने लिहिलेलं पुसलं जात नाही म्हणून त्यांना ते उलट सोयीचं वाटतं, त्या डावखुऱ्या आहेत. हे मला लग्नाला सतरा वर्षं होऊन माहीत नव्हतं. शाळेत मारून उजव्या हाताने लिहायला लावलं होतं, जेवतात उजव्यानेच. हिब्रू मात्र त्यांनी आपसूक डाव्या हातात घेतली.

संगमेश्वरीताई, चिठ्ठ्या लावल्या. फ्रिजवरची देवनागरी मागच्या रविवारी कापली. नवऱ्याने ड्यूटीवरून आल्यावर 'मेकारेर' वाचला, तेही रात्री दीड वाजता, नि आम्हाला उठवून सांगितलं.

कॉल आता वेगळे होतात. पहिल्या वेळी सासूबाईंनी पळी वर धरली नि "मा झे?" विचारलं, तर भाचा गोंधळून आईकडे बघायला लागला. मग हसला. तिसऱ्या वस्तूपर्यंत त्याची बहीणही येऊन बसली. पाचव्या आठवड्यात सासूबाईंनी त्याला "मा अखाल्त?" विचारलं. तो ताठ बसून म्हणाला, "अखालता! अनी बेन!" मी मुलगा आहे. सासूबाईंनी दोनदा घोकलं नि मग त्याला मराठीतून समजावलं, "तुला जेवलास, हिला जेवलीस." आता ती पाच वर्षांची पोर कॉल लागल्या लागल्या विचारते, "जेवलीस का, सावता?" ळ तिला येत नाही, पण जेवलीस अगदी आपल्यासारखं म्हणते.

'ओद पाआम' तर त्यांनी इतकं वापरलं की माझा मुलगाही गणित समजावून घेताना तेच म्हणतो.

होडीचं चित्र त्याने पुन्हा दाखवलं. "तारे ली," म्हटल्यावर शोधून आणलं. मी बाजूला बसून कोश घेऊन ऐकत होते. तो त्या वेळी काय विचारत होता ते कळलं. होडीत तीन माणसं होती, तो, त्याची बहीण आणि आजी. तो विचारत होता, तू कुठली ते ओळख. सासूबाईंनी तिसरीवर बोट ठेवलं, साडीला त्याने हिरवा रंग दिला होता.

या शनिवारी इथे पाऊस नसतानाही नेट जात-येत होतं. चित्र गोठलं, मग काळं झालं. मी राउटर बंद-चालू करायला उठले. तेवढ्यात अंधाऱ्या स्क्रीनमधून त्याचा आवाज आला, "सावता? सावता, आत शोमाअत ओती?"

सासूबाई फोन तोंडाशी धरून म्हणाल्या, "शोमाअत, राजा, शोमाअत. दाबेर."

बोल.